मोळी आणि सुट्या काड्या

शाळा तपासायला कोणी आलं की पहिलीच्या वर्गात ते सगळ्यांत कमी वेळ थांबतात. सातवीत साहेब फळ्यावर एखादं गणित घालतात, चौथीत सतराचा पाढा विचारतात. पहिलीत मात्र दारातूनच, "काय रे, शाळा आवडते का?" पोरं एका सुरात "होऽऽ" म्हणतात आणि साहेब पुढच्या वर्गाकडे वळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिलीत बघण्यासारखं असतंच काय? अ, आ, इ, ई; एक ते वीस; हात धुवा, रांगेत उभे राहा. जे आपल्याला झोपेतही येतं, ते शिकवायला अक्कल ती किती लागणार!

हा समज नुसता चुकीचा नाही, महागात पडणारा आहे असं माझं मत आहे. एखादी गोष्ट आपण कशी शिकलो हे आठवतच नसलं, की तिला आपण सोपी म्हणायला मोकळे होतो. बीजगणित अडल्याचं आठवतं, म्हणून बीजगणिताच्या शिक्षकाला मान. 'क' आणि 'म' जोडून आपल्या तोंडातून पहिला शब्द कधी निघाला ते कोणालाच आठवत नाही, म्हणून पहिलीच्या बाई म्हणजे पोरं सांभाळणाऱ्या बाई.

दसऱ्यानंतरचा एक अख्खा आठवडा मी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, पहिलीच्या वर्गात मागच्या बसकरपट्टीवर बसून काढला. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, बाई एकच. पहिलीत १७ मुलं. त्यांतली पाच दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार, हे बाईंना ठाऊक होतं, पोरांनाही ठाऊक होतं. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घरात कधीच येऊन गेली होती. त्यामुळे त्या आठवड्याला एक घाई होती, पण बाई घाई करत नव्हत्या. ते कसं, हे कळायला मला बुधवार उजाडावा लागला.

सोमवारी फळ्यावर एकच शब्द होता: 'बस'. दोन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. याहून सोपं काय देणार? एक मुलगा उठला. "ब… स…" म्हणाला. पुन्हा "ब… स…". मग भिंतीवरच्या तक्त्याकडे चोरून पाहिलं आणि ठामपणे म्हणाला, "बदक!"

वर्गात कोणी हसलं नाही, कारण निम्म्या वर्गालाही तेच वाटत होतं. मी मात्र हसलो आणि मग वरमलो. कारण त्या पोराचं काहीच चुकलेलं नव्हतं. अंगणवाडीपासून त्याला सांगितलं होतं की 'ब' बदकाचा आणि 'स' सशाचा. तो इमानदारीने चित्रं वाचत होता. अक्षराला स्वतःचा आवाज असतो, आणि दोन आवाज एकमेकांत मिसळले की बदक-ससा होत नाही, तिसरंच काहीतरी होतं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. खरं तर हे सांगून कळतच नाही. बाई म्हणाल्या, "बदक दिसतंय का हितं? तोंडानं म्हण. जोरात. मधे थांबू नको." त्याने म्हटलं. चार-पाच वेळा म्हटलं. सहाव्यांदा दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि त्याने मान वळवून एकदम खिडकीबाहेर, रस्त्याकडे पाहिलं. एसटी आलीय का बघायला.

त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय घडलं याचा जरा सावकाश विचार करू. 'स' या अक्षरात एक 'अ' दडलेला असतो. सुटं म्हणताना आपण तो उच्चारतो. 'बस' म्हणताना शेवटचा 'अ' गिळतो. 'कमळ' लिहितो तीन पूर्ण अक्षरांचं, बोलताना शेवटचं लंगडं करतो. कुठे गिळायचा आणि कुठे ठेवायचा, याचा नियम मला विचाराल तर मी दोन मिनिटं डोकं खाजवीन. आणि हे सहा वर्षांचं पोर, कोणी न सांगता, तो नियम स्वतः हुडकून काढतं. आपण त्याला म्हणतो, "चला, दोन अक्षरी शब्द झाले."

आपली लिपी शिकायला अवघड नाही, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानाने सांगतो. अर्धसत्य आहे ते. इंग्रजी शाळेतल्या पोराला २६ अक्षरं ओळखायची असतात. (पुढे स्पेलिंगच्या जंगलात ते हरवतं, तो भाग वेगळा.) आपल्याकडे ३४ व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर चारशेच्या वर आकार होतात, आणि जोडाक्षरं अजून दारातही आलेली नसतात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की तिथली अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती चौथीपर्यंत चालूच राहते. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे. मग जानेवारीत 'अजून बाराखडी येत नाही' म्हणून बाईंना धारेवर धरणाऱ्या पालकांना, आणि पालकांपेक्षा जास्त वरच्या साहेबांना, हे कोणी सांगायचं?

वर 'अ, आ, इ, ई' या क्रमाचा हट्ट. उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली वर्णमाला ही विलक्षण बुद्धीची रचना आहे, पण ती भाषा येणाऱ्या मोठ्या माणसाने केलेली मांडणी आहे, शिकणाऱ्याची पायवाट नाही. 'अ'पासून 'अः'पर्यंत महिनाभर गिरवा, त्यातून धड चार शब्द तयार होत नाहीत. 'आई' आणि 'आऊ' झाले की खेळ खलास. उलट क, म, ल, न एवढी चार अक्षरं आणि काना दिला की पोर काम, नाक, कान, काल, लाल, माल, मान, मामा, काका, नाना असं सुटतं. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत अशाच शब्द देणाऱ्या अक्षरगटांपासून वाचन शिकवण्याची पद्धत बसवली. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचनावर कित्येक वर्षं काम करते आहे. म्हणजे वाट मळलेली आहे. तरी घरोघरी पाटीवर आधी 'अ'च, कारण आजोबा तसंच शिकले.

"आम्ही नाही का शिकलो तक्ता घोकून, छड्या खाऊन?" हा प्रश्न मला दर लग्नात कोणीतरी विचारतंच. शिकलात, म्हणून तर विचारताय. जे नाही शिकले, ते हा प्रश्न विचारायला लग्नाच्या मांडवात माझ्या शेजारी बसत नाहीत. ते मांडव घालत असतात. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर ओनामा गिरवताना जी पोरं गळाली, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. 'ह्याचं शाळेत लक्षच नव्हतं' एवढ्या एका वाक्यात ती आजही गळतात.

बुधवारी काड्या निघाल्या. आइस्क्रीमच्या, गोळा करून धुतलेल्या, दोन पिशव्या भरून. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, बाजूला ठेवायचं. उरलेल्या सुट्या. बाईंनी फळ्यावर 'दशक' आणि 'एकक' लिहिलं. एकक म्हणजे काय ते पोरांना कळलं नाही, मलाही त्या वयात कळलं नव्हतं. निळ्या रिबिनीची एक मुलगी आपला रबर लावलेला गठ्ठा हातात घेऊन निरखत बसली होती. ती म्हणाली, "बाई, ही तं मोळी झाली की!"

मोळी. ऊस तोडायचा, साळायचा, वाढ्याने बांधायचा, की झाली मोळी. तिने मागचे दोन हंगाम फडात काढले होते. बाईंनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग डस्टरने 'दशक' पुसलं आणि लिहिलं 'मोळी'. शेजारचं 'एकक' पुसून 'सुट्या'. त्या तासाला वर्गात कोणी अडलं नाही. तेवीस? दोन मोळ्या, तीन सुट्या. दहा सुट्या झाल्या तर? "बांधा की मग!" पाठ्यपुस्तकातला शब्द पुढच्या महिन्यात, दुसरीत, केव्हाही देता येतो.

दहा वस्तू एकत्र बांधल्या की त्यांना 'एक' म्हणायचं, ही गणितातली मोठी उडी आहे. दहा आहेत, तरी एक. स्थानिक किंमत नावाचं जे प्रकरण पुढे शतक, हजार, लाख करत चढत जातं, त्याची पायरी हीच. ज्या घरात नवरा-बायको दोघं मिळून 'एक कोयता' धरला जातो, त्या घरातल्या पोरीला दोघांचा एक कसा होतो हे समजावून द्यावं लागत नाही. तिच्यापाशी ते होतंच. बाईंची कमाल एवढीच की तिचं म्हणणं त्यांनी ऐकलं, आणि ऐकायला त्या जागेवर होत्या.

पण पुढे खड्डा होता. "एकवीस लिहा." सतरापैकी निम्म्या पाट्यांवर १२ उमटलं. फळ्यापाशी बोलावलेल्या पोराने आधी १ काढला आणि मग २, अगदी तोंडाने म्हणत: "एक… वीस". काय चुकलं त्याचं? एकवीस, बावीस, तेवीस; मराठी आधी सुट्या सांगते, मग मोळ्या. लिहिताना उलटं. बाईंनी मग त्याला काड्या मांडायला लावल्या, तर त्याने बरोबर दोन मोळ्या आणि एक सुटी मांडली. म्हणजे गणित येत होतं, अडत होती ती भाषा. आणि 'एकोणतीस' ऐकल्यावर एकीने सरळ ३९ लिहिलं तेव्हा मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. 'तीस' ऐकू आलं, तिने तीन लिहिला. तीसला एक कमी म्हणून आधी दोन लिहायचा, हा वळसा ज्याने पहिल्यांदा घातला तो माणूस पहिलीला शिकवत नसावा.

२०१९च्या जूनमध्ये याच मुद्द्यावरून महाराष्ट्र पेटला होता, आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं आणि मराठी बुडाल्याची हाकाटी झाली, विधानसभेत विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडतात, आणि पुस्तकात दोन्ही रूपं शेजारी-शेजारी दिली आहेत. ऐकायला कोणाला वेळ होता? मलाही 'एकवीस' जायला नको आहे. त्या शब्दांत एक लय आहे, पावकी-निमकी गेली तशी ही जाऊ नये. पण त्या वादातली एक गोष्ट मला अजून सलते: चर्चेत भाषा होती, परंपरा होती, अस्मिता होती, फळ्यापाशी उभं राहून आधी १ आणि मग २ काढणारं पोर कुठेच नव्हतं. शेजारच्या कन्नड-तेलुगूत वीस आधी येतात, एक नंतर. त्या भाषा काही बुडालेल्या नाहीत.

गुरुवारी भांडण झालं. "बाई, ह्यानं मही पेन्सल घेतली." शेजारची पोर, शिक्षकाची मुलगी असावी, लगेच दुरुस्त करू लागली: "मही नाही, माझी म्हण." बाई म्हणाल्या, "तिचीच हाय ना? मग मही बरोबर हाय. दे रे तिची पेन्सल." मग फळ्यावर दोन्ही लिहिलं, 'मही' आणि 'माझी', आणि एवढंच सांगितलं की पुस्तकात दुसरं असतं. संपलं.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये शब्द बदलून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. ते बरं झालं असंच मी म्हणेन; अक्षराचा आवाज अजून न सापडलेल्या पोरावर आणखी एक भाषा लादणं हा वेडेपणा होता. पण त्या लढाईत आपण गृहीत धरलं की पहिलीतल्या मुलाची भाषा 'मराठी' असते. ती 'मही' असते. ती पावरी असते, कोरकू असते, वारली, गोरमाटी, अहिराणी असते. पुस्तकाची मराठी हीच त्याच्यासाठी नवी भाषा आहे आणि ती शिकवली पाहिजे, पण त्याचं तोंड बंद करून नव्हे. पहिल्या चार महिन्यांत ज्याला आपलं बोलणं चुकीचं असल्याचं कळलं, ते पोर पुढे गप्प राहतं, आणि गप्प पोराला शिस्तीचं म्हणायची आपली जुनी खोड आहे.

शुक्रवारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच लिहिण्यासारखं आहे. बाई वर्गात जवळजवळ नव्हत्याच. सकाळी कसल्याशा उपक्रमाचे फोटो अपलोड करायचे होते आणि रेंज फक्त टाकीपाशी मिळत होती. मग खिचडीचा तांदूळ मोजून घेणं, नोंद. दुपारी मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपायला मनाई केली आहे, फक्त जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून. त्या 'सोडून'मध्ये बराच महाराष्ट्र मावतो. निळ्या रिबिनीची मुलगी दुसरीच्या पोरांना काड्या मोजायला लावत बसली. बाकीचे तक्ता ओरडत राहिले: ब बदकाचा, स सशाचा.

सातवीच्या वर्गात शिक्षक दिवसभर नसला तर पोरं पुस्तक उघडून काहीतरी वाचू शकतात. पहिलीत बाई नसल्या की शिक्षणच नसतं. पुस्तक उघडण्याची किल्लीच अजून बाईंच्या हातात असते. तरीही काम काढायचं झालं की मुख्याध्यापक आधी पहिलीच्या बाईंना बोलावतात, कारण 'तिथं काय, पोरं खेळतात'. 'निपुण भारत' २०२१मध्ये जाहीर झालं. २०२६-२७पर्यंत प्रत्येक मूल तिसरीअखेर समजून वाचेल आणि साधी आकडेमोड करेल, हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. देशाने एवढी साधी गोष्ट मोठ्याने कबूल केली हेच पुष्कळ. पण तिसरीतलं वाचन पहिलीतल्या तासांतून येतं, आणि त्या तासांची किंमत कोणी धरत नाही. शाळेतले सगळ्यांत जाणते शिक्षक दहावीला किंवा शिष्यवृत्तीच्या वर्गाला. मला विचाराल तर पहिलीचा वर्ग मागून घ्यावा लागला पाहिजे, मिरवावा असा. एखाद्या शाळेत 'बाई फार हुशार आहेत, म्हणून त्यांना पहिली दिली' असं वाक्य मी अजून ऐकायचा आहे.

आपल्याकडे हे वाक्य कृतीत आणणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक उच्चशिक्षित, राजकोटला महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते सोडून गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणात आल्या आणि १९४५मध्ये बोर्डीला जाऊन वाड्या-पाड्यांतल्या पोरांत बसल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे शाळा जाते, हे त्यांनी केव्हाच करून दाखवलं. बीडच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात द्यायचं हमी कार्ड निघालं. निघालं सगळं. चालतं किती, ते त्या त्या गावावर आणि त्या त्या बाईवर.

शनिवारी सकाळची शाळा. पहिली वेलांटी. शब्द होता 'कविता'. निळ्या रिबिनीच्या मुलीने आधी 'कव' लिहिलं, मग म्हणाली, "बाई, 'वि' म्हणताना 'इ' मागून येती. मग वेलांटी पुढून का काढायची?" बाई म्हणाल्या, "तशीच हाय ती. उलटी." याहून खरं उत्तर मलाही देता आलं नसतं. मुलीने मान हलवली आणि वेलांटी काढायला गेली, पण जागाच ठेवलेली नव्हती. वेलांटी मागच्या 'क'च्या डोक्यावर जाऊन बसली. पाटीवर झालं 'किवता'. तिने वाचून पाहिलं, स्वतःच हसली, थुंकी लावून पुसलं, आणि या वेळी 'क'नंतर बोटभर जागा सोडली.

शाळा सुटल्यावर तिचा बाप दाराशी आला. टोळी चार दिवस आधीच निघणार होती. पोर सोबत जाणार, ठेवायला घरी कोणी नाही. बाईंनी हमी कार्ड भरलं. त्यावर पोरीचं नाव, आईचं नाव, इयत्ता, शाळेचा शिक्का आला. मग वहीचं एक पान फाडून वेगळं लिहिलं, जिथे कुठे ही जाईल तिथल्या बाईंसाठी, आणि कार्डाला टाचलं. मी वरून वाचलं: क, म, ल, न, ब, र, स, त, व येतं. काना येतो. दोन अक्षरी जोडून वाचते. दशकाला मोळी म्हणते, तसंच विचारा. एकवीसला अडते, काड्या द्या. पहिली वेलांटी आज सुरू केली, राहिली आहे.

बापाने कागद घडी करून खिशात ठेवला. पोरीने बाईंकडून एक मोळी मागून घेतली. रबर जुनं झालं होतं म्हणून बाईंनी त्यावर दुसरं चढवून दिलं.